नफीसची मींड

लखनौच्या रेडिओवर खाँसाहेब मुबश्शिर हुसेन यांनी सतारीवर भीमपलास वाजवला आणि ध्वनिमुद्रण ऐकायला ते काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसले. तार ओढत एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाणारी त्यांची मींड जिथे जिथे तोकडी पडली होती, तिथे दुसरी एक सतार ती पुरी करत होती.

"माझ्या चुका सुधारायला कुणाला बसवलंत, तिवारी?" ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या तिवारींवर कडाडले.

"आत तुम्ही एकटेच होतात, खाँसाहेब."

ती मींड त्यांनी ओळखली. धाकट्या भावाची, नफीसची. आपल्याहून चांगला वाजवतो म्हणून त्यांनी भर अंगणात त्याची सतार आपटून फोडली होती. त्यानंतर नफीसने मरेपर्यंत तारेला बोट लावलं नाही.

"पुसून टाका ते!"

खाँसाहेब तरातरा आत गेले आणि दातओठ खात पुन्हा वाजवू लागले. बोट कापलं तरी थांबले नाहीत. इतकं सुंदर त्यांच्या हातून जन्मात वाजलं नव्हतं.

"लावा आता. बघू कुठे शिरतो हरामखोर!"

तिवारींनी टेप लावली. पहिल्या सुरापासून हात नफीसचा होता. खाँसाहेबांचं त्यात काहीच नव्हतं. होता तो फक्त मागे कुणीतरी रागाने धापा टाकत असल्याचा आवाज.