सत्तावीसच्या पुढे

"अठरा," आई म्हणाली, आणि रणगाड्याचा डावा घोटा थरथरला.

एकशे दहा किलोचा गडी बैठकीच्या खोलीत डोळे मिटून, बगळ्यासारखा एका पायावर उभा होता. रग्बीच्या मैदानात चौघे अंगावर आले तरी हलायचा नाही, म्हणून संघात त्याचं नाव रणगाडा. पण या मोसमात हाच घोटा दोनदा मुरगळला होता.

"सूज गेली, पण तोल आलेला नाही," फिजिओबाईंनी बजावलं होतं. "असाच उतरलास तर तिसऱ्यांदा मुरगळणार. डोळे मिटून तीस सेकंद उभा राहा, मग रविवारी खुशाल खेळ." खेळाडू आकडे फुगवून सांगतात, हे त्या पुरतं ओळखून होत्या. म्हणून सेकंद नोंदवायच्या कार्डावर सही आईची हवी होती, आणि कार्ड उद्या सकाळी द्यायचं होतं.

महिनाभर आई रोज खुर्चीत बसून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायची. काठी मांडीवर आडवी. न्हाणीघरात पडल्यापासून ती काठीशिवाय दारापर्यंतही जात नसे. तिलाही असाच व्यायाम, पंधरा सेकंदांचा, लिहून दिला होता. तो कागद तिने पिठाच्या डब्याखाली सरकवला. "मला कुठे मॅच खेळायचीय?"

"बावीस."

इथेच त्याचा पाय रोज टेकायचा. आज टेकला नाही.

"पंचवीस." आईचा आवाज आज जरा उंचावरून येतोय, असं त्याला वाटलं. "सत्तावीस."

मग काहीच नाही.

आई मुद्दाम ताणतेय. लहानपणी लपाछपीतही ती अशीच मध्येच गप्प व्हायची. तोही हट्टाला पेटला आणि मनातल्या मनात मोजू लागला. तीस झाले. पस्तीस झाले. पाय डुगडुगला, पण टेकला नाही. त्याला इतका आनंद झाला की हसूच फुटलं.

"आई, झाले की गं! कर सही," म्हणत त्याने डोळे उघडले.

खुर्ची रिकामी होती. काठी खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवलेली. आई खोलीच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, एका पायावर उभी होती. चेहरा लालबुंद, नजर घड्याळावर.

"तुझे केव्हाच झाले," ती दात आवळून म्हणाली. "मी पाय उशिरा उचलला. आता गप्प उभा राहा, माझे अजून चार राहिलेत."