खोलीतला वास

सीमाने पाकीट पलंगावर ठेवलं आणि अर्धं चादरीखाली सरकवलं. म्हाताऱ्या माणसांचे डायपर.

"आई, शरमाची बात नाही. उमर झाली की सगळ्याईले होते. घालून ठेवत जा. घरभर वास येऊन राहिला."

ठकूबाईने सुनेकडे पाहिलं. "कोनाचा वास?"

सीमाने खोलीत सुगंधी फवारा मारला, त्यात दोनदा पलंगाकडे, आणि शाळेत शिकवायला निघून गेली. नात मोनाली कॉलेजला गेली. मुलगा प्रफुल सकाळीच स्टील प्लांटमध्ये ड्यूटीवर गेला होता. रिसालीच्या त्या नव्या घरात ठकूबाई एकटी उरली.

लहानपणी गावच्या विहिरीवर परक्या लोकांनी तिला लांब उभं केलं होतं. पण घरच्या माणसांनी तिच्यासमोर नाक दाबलं, ते याच वर्षी. मागचे दोन रविवार तिला बुद्धविहारात नेलं नव्हतं. गाडीत जागा नाही, असं प्रफुल म्हणाला होता. गाडीत पाच जण बसत होते आणि घरात माणसं चारच होती. तेव्हापासून ती दोन वेळा अंघोळ करायची, गोधडी स्वतः धुवायची, दुपारनंतर पाण्याचा घोटही घ्यायची नाही. लुगड्याचा पदर नाकाशी धरून हुंगायची. हुंगून हुंगून तिला आता स्वतःचीच खात्री उरली नव्हती.

ती पाकिटाकडे बघत बसली असताना कोको आली. मोनालीची पांढरी पर्शियन मांजर. रोजच्यासारखी पलंगावर चढली, कालच धुतलेल्या गोधडीवर घडीभर बसली, आणि उठून उशीकडे गेली. बसली होती तिथे पिवळट, ओला डाग.

ठकूबाईने डागावर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग वाकून मांजरीला धरलं.

पाठीवरचे केस कापसासारखे मऊ होते. वर मोनालीच्या पावडरचा वास. ठकूबाईने शेपटी वर केली.

खाली केसांच्या जटा झाल्या होत्या. मागच्या पायांपर्यंत घाण थरावर थर वाळून बसली होती, आणि तिच्याआड कातडी लाल, चिघळलेली. किती महिने कोणी फणी घातली नव्हती कुणास ठाऊक. मांजर तिथे चाटायला वळली आणि कण्हून थांबली.

"तुले बी कोनी पाह्यलं नाही वं बाई," ठकूबाई म्हणाली.

आणि मग तिला राग आला. तो जरा निवेपर्यंत ती बसून राहिली, कारण कात्री धरायची होती.

तिने पाकीट फाडलं, डायपर उलगडून जमिनीवर अंथरले आणि त्यावर मांजरीला आडवी केली. कोमट पाणी, खोबरेल तेल, रुंद दातांची फणी. कातडी आणि गाठ यांच्यामध्ये आधी फणी सरकवायची, मग फणीच्या वरून कात्री चालवायची. कोकोने तिचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. ठकूबाईने सोडलं नाही. एकेक गाठ कापताना ती एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होती. मुलाला सगळ्यात जास्त.

संध्याकाळी आधी मोनाली किंचाळली. "आजी! ये क्या किया? सगळे केस काटून टाकले! पर्शियन आहे ती!"

"वरून पावडर लावून फोटो काढत होती. खालून कधी पाह्यलं का?"

सीमा जेवणाच्या टेबलाकडे आली. टेबलाच्या मधोमध वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर त्या सगळ्या गाठींचा ढीग. तिने पदर नाकाला लावला. "छी! आई, हे काय ठेवलं?"

"तेच. जे तू माह्या नावावर लावलं होतं."

प्रफुल दारात उभा होता. पायात अजून बूट, हातात हेल्मेट.

"इकडे ये," ठकूबाई म्हणाली. "वास घे."

तो वाकला आणि लगेच मागे सरला. नजर जमिनीवर.

"कावून बोलून नाही राहिला? वळखला का नाही?"

"व्हय, माय."

"आता माहा घे."

"जाऊ दे ना माय..."

"आई, माफ करा, मले वाटलं..." सीमा मध्ये बोलली.

"तू मधात बोलू नको. तू मोठेपनी या घरात आली. याले मी जलमापासून धुतलं-पुसलं. याले इचारून राहिली मी." तिने खांद्यावरचा पदर बाजूला केला. ओरबाडलेल्या हातावरचं रक्त वाळलं होतं. "घे म्हनते ना!"

प्रफुल तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्याने आईच्या खांद्याला नाक लावलं. साबण, खोबरेल तेल आणि उन्हात वाळलेलं सुती लुगडं. तो तिथेच राहिला. त्याची पाठ हलायला लागली.

ठकूबाईचा हात आपसूक त्याच्या डोक्याकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्याच हाताने तिने त्याला लोटलं.

"सरक तिकडं. घामाचा वास मारून राहिला तू. जाय, आधी आंग धुऊन ये."