नऊ नंबरचा लाल दिवा

नऊ नंबरचा दिवा लाल झाला आणि नेमके तेव्हाच उद्घाटनाचे पाहुणे कंट्रोल रूममध्ये शिरले.

संघमित्रा पडद्याकडे वाकली. महाप्याच्या या साबण-पावडरीच्या कारखान्यात एकाच केबलवर बारा खोके जोडलेले होते. मोटारी, झडपा, सेन्सर, सगळं त्यात आलं. बाराही मुख्य कंट्रोलरशी, म्हणजे पीएलसीशी, बोलत राहिले तरच शेजारच्या शेडमधला मोठा मिक्सर फिरणार. सकाळच्या चाचणीत बाराही हिरवे होते. मिक्सरमधून जरा खरखर आली, एवढंच. "पातं घासतंय वाटतं, नंतर बघू," असं ती वायरमन धनाजीला म्हणाली होती. आणि आता ऐन मुहूर्तावर माशी शिंकली.

हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. आज मिक्सर फिरला नाही तर पुढचा प्लांट दुसऱ्या कुणाकडे जाणार आणि ती पुन्हा सीवूड्सच्या ऑफिसात इतरांची ड्रॉइंगं तपासत बसणार. तिच्या साहेबांनी, शिवतेजनी, हे आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"धनाजी कुठंय?" शिवतेजनी दबक्या आवाजात विचारलं.

"टपरीवर गेला असेल." धनाजीचा फोन टेबलावरच चार्जिंगला होता. "कनेक्टर ढिला ठेवला असणार त्यानं."

हे म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली. धनाजी कामाचा पक्का. गेल्या आठवड्यात तिने त्याला सगळ्यांदेखत झापलं, तेव्हापासून तर तो तिचा शब्दन् शब्द पाळत होता. पण आपली मान अडकली की माणूस दुसऱ्याची पुढे करतो.

"मी पटकन जाऊन बघते, सर."

"पाहुणे ताटकळलेत. नऊवर आहे काय?"

"मिक्सरच्या झाकणाचा सेन्सर."

"झाकण बंद आहे ना?"

"सकाळी मीच लावलंय."

"मग टेन्शन कशाचं? आजच्यापुरता नऊ बाद कर. उद्या बघ निवांत."

तिची बोटं कीबोर्डवर थबकली. असं करायचं नसतं, हे ती इतरांना शिकवत आली होती. मग तिने नऊ नंबर वगळला आणि झाकण बंद असल्याची नोंद प्रोग्रॅममध्ये स्वतःच टाकली. लाल दिवा विझला. पडद्यावर सगळं हिरवंगार झालं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ आणायला गेलेले हेल्पर बाबासो अजून परतले नव्हते.

"नारळ मागाहून," शिवतेज हसून म्हणाले. त्यांनी मुख्य पाहुण्यांचा हात हिरव्या बटणावर ठेवला.

भोंगा सुरू झाला. तो थांबला की मिक्सर फिरणार. संघमित्राने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात बाबासो धापा टाकत आत आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चहाची पिशवी.

"धनाजी अजून वर न्हाय आला?" भोंग्यावर आवाज चढवून त्यांनी विचारलं.

"वर? कुठून वर?"

"मिक्सरात उतरलाय की! पातं बघतो म्हणला, अन् मला च्या आणाय लावला. काळजी करू नगा ताई, नऊचा प्लग काढूनच उतरलाय. मागल्या हप्त्यात प्लग न काढता उतरला म्हणूनच झापलं न्हवतं का तुमी त्याला?"

संघमित्राने लाल बटणाकडे झेप घेतली.

भोंगा थांबला.