फुलांची होडी

मोझेल नदीवर पूल झाला आणि वाल्बुर्गाचा तीन पिढ्यांचा होडीचा धंदा बसला. गावप्रमुख राइमुंडने गावातली ती एकुलती एक होडी घेतली, तळाला भोकं पाडली, मातीने भरली आणि आपल्या खाणावळीपुढे तिच्यात फुलझाडं लावली. वर म्हणाला, "म्हातारे, तुझं लाकूड निदान शोभेला तरी आलं."

पुढच्या वसंतात पुलाला तडा गेला आणि तो तडकाफडकी बंद झाला. लग्नाचा केक आणायला गेलेला राइमुंड पलीकडेच अडकला. अलीकडे चर्चमध्ये त्याच्याच मुलीच्या लग्नाची घंटा वाजू लागली. पूर्वी सगळे मारायचे तशी त्याने पैलतीरावरून हाक मारली, "वाल्बुर्गाताई, होडी आण गं!"

वाल्बुर्गा सावकाश काठाशी आली.



"तुझ्याच दारात आहे, बाबा. आत्ताच तिला पाणी घालून आले."