भिंतीपलीकडचे ठोके

बॉयलरवरची नावाची पट्टी कुणीतरी कधीच उचकटून नेली होती. अल्बिन तळघरात गुडघे टेकून चंदेरी रंगाचे थर खरवडत होता. खाली एखादं अक्षर सापडेल अशी आशा होती. निघाला तो फक्त गंज.

"नाव नाही रे कुठं, ज्यो."

"नाव काय चाटायचंय?" ज्यो भंगारवाला म्हणाला. बंद पडलेल्या चर्चच्या फादरच्या घरातून हे धूड त्यानेच आणून दिलं होतं. त्याने मोटर जोडून चालू केली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. टक, टक, मग एक लांब कुरकुर. "हां, ओळखलं! आपला आपण कोळसा ढकलणारा आहे हा. खाणं बारीक, तांदळाएवढं. मोठा खडा घातलास तर अडकून बसेल. जाळीची भोकं बघ ना. पट्टी कुणाला लागते, मी आवाजावरून ओळखतो."

ओळख पटली, पण फादरचं घर तो नळ्यांतून वाफ सोडून तापवायचा आणि अल्बिनच्या घरच्या नळ्यांतून गरम पाणी फिरायचं. मग आठवडाभर पहाटेपासून ठोकाठोक चालली. पाण्याची पातळी दाखवणारी काच काढून तिथली भोकं बुजवली. झडप बदलली, पाणी फिरवायला पंप बसवला, तापून फुगणाऱ्या पाण्यासाठी एक छोटी टाकी टांगली. जुनी भट्टी ओढून भिंतीशी लावली. ज्यो ती नंतर भंगारात नेणार होता.

डोंगरातल्या खाणी बंद पडल्या, पोरं निघून गेली, पण पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावाने कोळशाची ऊब सोडली नव्हती. अल्बिननेही नाही. फक्त जुन्या भट्टीची जाळी रोज पहाटे दांडा धरून हलवावी लागे, राख झडेपर्यंत, आणि त्याची कंबर आता कामातून गेली होती. मुलीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, भट्टी झेपत नसेल तर घर विका आणि इकडे फ्लोरिडाला या." बायको, रेजिना, गेल्यापासून घर खायला उठत होतं, हे खरंच. पण मरायचं ते तिने शिवलेल्या पडद्यांच्या घरातच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

शिवाय थेल्मा होती. जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहणारी, त्याच्यासारखीच एकटी. मधली भिंत एकच. जाळीचा खडखडाट तिच्या घरभर जायचा, आणि तो थांबला की भिंतीवर तीन ठोके पडायचे. "उठली म्हातारी कटकट करायला," अल्बिन म्हणायचा. ऐकायला भट्टीशिवाय कुणी नसायचं. रेजिना होती तेव्हा दोघींची रोज कॉफी व्हायची. आता रस्त्यात मान हलवण्यापुरतं उरलं होतं.

नव्या बॉयलरने विस्तव धरला. पेटीतला बारीक कोळसा आपोआप पुढे सरकू लागला.

"राख तेवढी काढत जा. बाकी बघायलाच नको," ज्यो हात पुसत म्हणाला. "तू मेलास तरी घर गरम राहील बघ!"

दोघं हसले. ज्यो गेल्यावर अल्बिनला ते वाक्य पुन्हा आठवलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

सकाळी तो चांगलं उजाडेपर्यंत झोपला. घर उबदार होतं, आणि इतकं शांत की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात दारावर दणादण थापा पडल्या.

थेल्मा बाहेर बर्फात उभी होती. पायात घरातल्या सपाता, हातात लाटणं.

"मेल्या, जिवंत आहेस होय!" ती ओरडली आणि चक्क रडायला लागली. "आज भट्टी का नाही हलवलीस?"

"नवी बसवली. ती हलवावी लागत नाही." अल्बिन गोंधळला. "म्हटलं, तुझाही त्रास जाईल. इतकी वर्षं भिंत ठोकून शिव्या देत होतीस."

"शिव्या?" तिने बाहीने नाक पुसलं. "अरे शुंभा, तू उठलास हे कळलं की मीही उठलेय, एवढंच सांगत होते. मला दुसरं कोण आहे सांगायला?"

अल्बिनने दार पूर्ण उघडलं आणि कॉफी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवा बॉयलर आपला आपण कोळसा ढकलत होता. त्याला कुणाची गरज नव्हती. तरीही अल्बिन कंबर धरून तळघरात उतरला. भिंतीशी ठेवलेल्या जुन्या भट्टीचा दांडा त्याने पकडला आणि ती थंडगार, रिकामी जाळी जोरजोरात खडखडवली.

पलीकडून ठोके आले, इतक्या लगेच, की थेल्मा लाटणं उगारूनच बसली असावी.