ठेवायचं न्हाई

"अगं, फेक म्हणतोय मी! ठेवायलीस काय?"

विरूपाक्ष सर ओरडले तसा केरबा खिडकीच्या गजांना आणखी चिकटला. मुरुडच्या शाळेत पोरींना ज्युदो शिकवायलेत, म्हणजे नेमकं काय करायलेत, ते त्याला एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं. दुष्काळानं आडतीत माल येईना, मग हमालाला सवडच सवड.

आत त्याची लेक पंचशीला. तिनं जोडीला दिलेल्या सिंधुची बाही धरली, गर्रकन पाठ वळवली, गुडघ्यांत बसली, अन् सिंधु अल्लाद तिच्या पाठीवर. केरबा खूश! अरे, हे तर आपलंच काम. पण पुढं पोरगी जराशी वाकली आणि सिंधुला हळूच पायांवर उभी करून मोकळी झाली.

"नव्या जिल्ह्याचा पहिला संघ हाय हा," सर म्हणाले. "यादी आजच लातूरला जाती. आता एकदाच बघतो. न्हाई जमलं तर तुझं नाव काटतो."

पंचशीलेचं तोंड एवढंसं झालं. चूक कुणाची, हे केरबाला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी तिच्या पाठीवर ज्वारीची पिशवी देऊन त्यानंच शिकवलं होतं: माल ठेवायचा, आपटायचा न्हाई. पोतं फुटलं की हमालाची अब्रू गेली.

तो दाराशी चपला काढून आत आला.

"सर, सिंधुच्या जागी मला उभं करा."

"बा, तू?" पंचशीला मागं सरकली. "तुला लागलं म्हंजे?"

"लागू दे. पोतंच समज. पर ठेवू नको. फुटलं तर फुटलं."

सिंधु फिसकन हसली. सरांनी मात्र होकाराची मान डोलावली.

पंचशीलेनं बापाच्या सदऱ्याची बाही धरली. बराच वेळ नुसतीच धरून राहिली. मग वळली, बसली, ओढलं. केरबाचे पाय सुटले, छताचे पत्रे पायांखाली आले, आणि तो भुसा भरलेल्या गादीवर धप्पदिशी पडला. धुरळाच धुरळा. बाही तेवढी तिनं सोडली नव्हती.

"जमलं!" सर म्हणाले.

"बा!" पंचशीला गुडघ्यांवर बसली. "बा, ऊठ की!"

केरबा उठेचना. पत्र्यांकडं बघत तो गालात हसत होता.

"तीस वर्षं पोती वाहिली," तो म्हणाला, "पर वर गेल्यावर त्यांना काय दिसतं, ते आज कळलं. टाक गं आणखी एकदा."