वर्षातला तो आठवडा

“इथे ओल येते,” काकूंनी कपाट बाजूला सरकवून भिंत दाखवली. “दर थंडीत येते. रंग देऊन काही उपयोग नाही.”

काकांना वाटलं, हिला वेड लागलं की काय! ओल झाकायला ते कपाट काल दोघांनी मिळूनच तिथे ढकललं होतं. आणि आज गिऱ्हाईक घरात उभं असताना ही बाई स्वतःच्या हाताने ते बाजूला करते? त्यांनी डोळ्यांनी खुणा केल्या. काकूंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

घर बघायला आलेलं तरुण जोडपं इथलंच होतं. त्यांची भाषा काका-काकूंना येत नव्हती, म्हणून एजंटबाई मध्ये उभ्या राहून इकडचं तिकडे सांगत होत्या. एजंटबाई मूळच्या आपल्याकडच्या. घर घ्या, दरवर्षी एक आठवडा येऊन राहा, पाच वर्षांनी युरोपातलं नागरिकत्व घ्या, असं म्हणून हे दोन खोल्यांचं घर त्यांनीच काकांच्या गळ्यात मारलं होतं. काकांचं चष्म्यांचं दुकान, माणसांनी भरलेलं घर. त्यांना युरोपशी काय देणंघेणं? पण मुलाने हट्ट धरला, नातवंडांचं भलं होईल म्हणून. तो बायकापोरांना घेऊन उन्हाळ्यात आठवडा काढून जायचा. काका-काकू थंडीत यायचे, तिकिटं स्वस्त असतात तेव्हा. निघताना दरवेळी काकूंची कुरकुर ठरलेली.

या खेपेला पासपोर्ट हातात पडले. यायची सक्ती संपली. मुलाने फोनवर सांगून टाकलं, काम झालं, आता ते खुराडं विकून मोकळे व्हा. काका हो म्हणाले. काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत हे काकांच्या ध्यानातही आलं नाही.

आज मात्र त्यांचं तोंड थांबेना. वरच्या मजल्यावरचं पोर दिवसभर उड्या मारतं. खिडकी घट्ट बसत नाही, वारा घुसतो. जिन्यातला दिवा ऐन वेळी दगा देतो. एकेक वाक्य पलीकडे पोचवताना एजंटबाईंचं तोंड आंबट होत चाललं. दलाली डोळ्यांदेखत पाण्यात जात होती. काकूंनी शेवटचं सांगितलं, “आणि ऊन तर इथे अजिबात येत नाही.”

एजंटबाईंनी खिडकीकडे पाहिलं. ऊन स्वयंपाकघरभर पसरलं होतं. टेबलावर होतं, दोन्ही खुर्च्यांवर होतं, खुद्द काकूंच्या खांद्यावर होतं. हे वाक्य काही त्यांनी पलीकडे सांगितलं नाही.

काका चपापले. दुकानात चष्म्याच्या काचेवरचा बारीकसा चरा गिऱ्हाइकापासून लपवला म्हणून नवऱ्याशी दोन दोन दिवस अबोला धरणारी ही बाई. ती धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. हिला हे घर विकायचंच नाही. घर गेलं की हा आठवडा गेला. मग पुन्हा कधी फक्त दोघं म्हणून कुठे राहणं व्हायचं नाही. पाच हिवाळे आपण इथे आलो, शेजारी शेजारी बसलो, आणि हे आपल्याला कळू नये? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि विकायचं तर आपल्यालाही नाही, हेही उमगलं.

तेवढ्यात जोडप्याचं आपसात काहीतरी ठरलं. मुलगी पुढे आली आणि तिने काकूंचा हात हातात घेतला. एजंटबाईंचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, यांनी कितीतरी घरं पाहिली, पण अशी सरळ माणसं भेटली नाहीत. बाकीचे लपवतात ते काकूंनी आपणहून दाखवलं. घर पसंत आहे, आणि भावात घासाघीसही करायची नाही.

काकूंनी हसायचा प्रयत्न केला. मग सिंककडे वळल्या आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला.

“घर विकायचं नाही,” काका म्हणाले.

एजंटबाईंना आधी थट्टा वाटली, मग वाटलं, भाव चढवताहेत. काकांनी हात जोडून जोडप्याची माफी मागितली आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले. तोवर एजंटबाईंनी मुलाला फोन लावून आपलं रडगाणं गाऊन घेतलं होतं. काका आत येताच त्यांनी फोन त्यांच्या हातात कोंबला.

मुलगा वैतागला होता, पण त्याने आवाज चढवला नाही. घर बाबांच्या नावावर, निर्णय बाबांचा, सगळं कबूल. पण कारण तरी कळू दे. पासपोर्ट मिळाले, आता जायलाच हवं असं काही नाही, मग त्या दोन खोल्यांत ठेवलंय काय?

काकांनी सिंककडे पाहिलं. नळ बंद झाला होता. काकू कप हातात धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या, ऐकत.

“तुझी आई इथे माझ्याबरोबर जेवायला बसते,” काका म्हणाले. “मी वाढतो, ती खाते. तिकडे सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत तिला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तूही नसशील पाहिलं.”



“काय खाते आई तिथे?” मुलाने अगदी हळू विचारलं.

“गरम,” काका म्हणाले.